वऱ्हाडी मेव्याची पाकविलेली नानकटाई



दिवाळी पंधरा दिवसांवर आली, कीं अमरावती-अकोल्याकडील घरोघरीं फराळाच्या याद्या होऊं लागतात. चकली, करंजी, अनारसे, शंकरपाळे हे जिन्नस घरींच व्हावयाचे, हें ठरलेलें असतें. यादीच्या तळाशीं ‘नानकटाई’ हा शब्द येतो आणि त्याच्यापुढें मात्र ‘विकत’ असें लिहिलें जातें. ज्या गृहिणीच्या हाताला अनारशाची जाळी साधते, जिच्या करंजीचे पदर मोजून घ्यावेत, तिनें मैदा, तूप आणि साखर एवढ्या तीन जिनसांच्या पदार्थापुढें हात टेकावे, हें थोडें नवलाचेंच आहे. वास्तविक अनारसा हा नानकटाईहून कितीतरी अवघड. त्याचे तांदूळ तीन दिवस भिजत घालावे लागतात आणि एवढें करूनही तो तुपांत विरघळेल कीं फुलेल, याची खात्री कढईपाशीं बसल्यावांचून होत नाहीं.

तरीही भीति वाटते ती नानकटाईची. याचें कारण पदार्थांत नाहीं, भट्टींत आहे. महाराष्ट्रांतील अनेक शहरांप्रमाणें वऱ्हाडांतही मागील पिढ्यांत अशी चाल होती, कीं घरचा मैदा, घरचें तूप आणि दळलेली साखर डब्यांत भरून जवळच्या पाव-बिस्किटांच्या भट्टीवर न्यावयाची. तेथें कारागीर सर्व एकत्र मळी, पत्र्याच्या तबकांवर मांडी आणि भाजून देई. घरांतील एखादा मुलगा आपल्या तबकावर नजर ठेवून बसे, कारण आपलें तूप दुसऱ्याच्या नानकटाईंत जाऊं नये, ही काळजी घरून निघतांनाच त्याच्या कानीं घातलेली असे. संध्याकाळीं गरम डबा घरीं येई आणि त्याचा वास दारापूर्वीं आंत शिरे. ही सोय पुढें बहुतेक ठिकाणीं मागें पडली. बांधलेलीं पुडकीं दुकानांत मिळूं लागलीं आणि घरचा डबा भट्टीकडे जाण्याचें थांबलें. भट्टी दूर गेली खरी, पण तिच्याबरोबर ‘भाजण्याची विद्या आपली नव्हे’ ही समजूत मात्र घरांत राहून गेली.

ही समजूत वऱ्हाडानें तरी बाळगूं नये. ज्या प्रांतांत नवसाचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले जातात, त्या प्रांताला भाजणें परकें कसें असेल? रोडगा करणाऱ्या माणसाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असतात. एक, भडकलेल्या जाळावर कणीक वरून करपते आणि आंत कच्ची राहते. दुसरी, जाळ ओसरून नुसती धग उरली, म्हणजेच खरें भाजणें सुरू होतें. भट्टीवाल्याचें सारें शास्त्र या दोन वाक्यांत सामावलेलें आहे. नानकटाईला हवी ती हीच चोहोंकडून लागणारी मंद धग.

नानकटाईची जन्मकथा सुरतेची म्हणून सांगितली जाते. डच व्यापाऱ्यांनीं तेथें पावाची भट्टी घातली होती. ते निघून गेल्यावर ती एका पारशी कारागिराच्या हातीं आली. पाव खाणारे परदेशी गिऱ्हाईक आटलें, तेव्हां न खपलेला पाव वाळवून विकण्याची वेळ आली, आणि त्या अडचणींतूनच पुढें सुरतेचे बटासे आणि नानकटाई निघाली, अशी ती हकीकत आहे. ‘नान’ हा फारसी शब्द रोटीचा वाचक आहे, हें तर उघडच आहे. नांव फारसी, भट्टी डच, कारागीर पारशी आणि तूप हिंदुस्थानी, असा हा पदार्थ आहे. त्यांत अंडें लागत नाहीं, खमीरही लागत नाहीं. म्हणूनच तो सोवळ्या-ओवळ्याच्या काळांतही फराळाच्या ताटांत निमूटपणें येऊन बसला. अशा पाहुण्याला वऱ्हाडानें आपला मेवा देऊन घरचा करून घ्यावा, यांत नवें असें कांहीं नाहीं.

मेवा म्हटला, कीं शहरांतील मनुष्याच्या डोळ्यांपुढें बदाम आणि पिस्ते येतात. तेही दुरून आलेले आणि महाग. वऱ्हाडाच्या शेतांत आणि रानांत मात्र तीन प्रकारचे दाणे पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांतील प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे आणि तो ओळखल्यावांचून त्याला पिठांत घालणें बरें नव्हे.

पहिला भुईमूग. याचें मूळ घर दक्षिण अमेरिकेंत. जमिनीखालीं शेंग धरणारें हें कडधान्याच्याच कुळांतील पीक आहे, आणि मराठीनें त्याला ‘भुईचा मूग’ म्हणून त्याचें कुळ अचूक सांगितलें आहे. शेंगदाण्यांत जवळजवळ निम्मा भाग तेल असतें. म्हणून ते भाजून गरम असतांनाच कुटले, तर कुटाऐवजीं लगदा हातीं येतो. दाणे पुरते निवूं द्यावे, सालें पाखडून काढावीं आणि मग थांबत थांबत भरड कुटावे. त्यापूर्वीं ताटांत पसरून निवडणें हें मात्र सर्वांत महत्त्वाचें. सुरकुतलेला, काळवंडलेला, बुरशीचा अंश असलेला दाणा बाजूला काढून टाकावा. दमट जागीं राहिलेल्या शेंगदाण्यावर जी बुरशी चढते, ती अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष निर्माण करूं शकते. तें यकृताला बाधक असून दाणे भाजल्यानें पूर्णपणें नष्ट होत नाहीं. तेव्हां ‘भाजल्यावर सगळें जाईल’ या भरंवशावर असले दाणे कुटांत ढकलूं नयेत.

दुसरी चारोळी. अमरावतीच्या उत्तरेस मेळघाटाच्या आणि सातपुड्याच्या रानांत चाराचीं झाडें आहेत. उन्हाळ्यांत त्यांचीं जांभळट-काळीं फळें पिकतात. कोरकू आणि इतर वनवासी कुटुंबें तीं गोळा करतात, गर खातात, आंतील कठीण बी फोडतात आणि तेव्हां कोठें मसुरीएवढा मऊ दाणा निघतो. मूठभर चारोळीमागें किती वेळां वांकावें लागलें असेल, याचा हिशेब वाण्याच्या पुडीवर नसतो. घाईनें कच्चीं फळें उतरविलीं, किंवा फळांसाठीं फांदीच तोडली, तर पुढील वर्षाचें झाड उणें होतें. म्हणून विकत घेतांना भरलेली, पूर्ण पिकलेली चारोळी घ्यावी आणि ती काटकसरीनें वापरावी. पिठांत मिसळून ती हरवून टाकण्यापेक्षां पाकावर वरून लावावी. थोडी लागते आणि दिसतेही.

तिसरी गोडंबी, म्हणजे बिब्ब्याच्या आंतील गर. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा हीं चारही एकाच कुळांतील भावंडें आहेत, पण बिब्ब्याचा स्वभाव सर्वांत तिखट. धोब्यांनीं कपड्यांवर न जाणारी खूण करावी ती याच्याच काळ्या तेलानें. तें तेल अंगाला लागलें, कीं कातडी उतते, फोड येतात. दुसऱ्याच्या चालत्या कामांत ‘बिब्बा घालणें’ हा वाक्प्रचार मराठींत उगाच आला नाहीं. आणि अशा या कवचाच्या पोटांत जो दाणा निघतो, तो गोड, तुपाळ, काजूला मागें सारणारा! बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत त्याला मानाचें स्थान आहे. घरीं बिब्बे फोडण्याचें धाडस कोणींही करूं नये. बाजारांत फोडून स्वच्छ केलेली गोडंबी मिळते, तीच घ्यावी. तिच्यावर काळा डाग किंवा चिकट अंश दिसला, तर तो दाणा टाकावा. उरलेली स्वच्छ कापडानें पुसून मंद आंचेवर थोड्या तुपांत परतावी आणि मगच वापरावी. ही गोडंबी फोडणाऱ्यांचे हात तेलानें उततात, हेंही खातांना स्मरणांत असावें. भाव करतांना चार आण्यांची घासाघीस करण्याचा हा जिन्नस नव्हे.

आतां प्रमाण. सुमारे चोवीस नानकटाया होण्यास मैदा २०० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्यांचें भरड कूट ६० ग्रॅम, घट्ट साजूक तूप १२० ग्रॅम, दळलेली साखर ८० ग्रॅम, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि चार-पांच वेलदोड्यांची पूड घ्यावी. गोडंबी घालावयाची असल्यास कुटांतील २० ग्रॅम कमी करून तितकी गोडंबी जाडसर चिरून घालावी. साखर नेहमीपेक्षां कमी सांगितली आहे, ती विसरून नव्हे. वरून पाकाचा मुलामा यावयाचा आहे, म्हणून.

कृतींतील पहिलें मर्म तुपांत आहे. तूप पातळ असूं नये, रवाळ आणि घट्ट असावें. परातींत तें तळहातानें फेसावें. पांढरें आणि हलकें झालें, कीं साखर घालून पुन्हां फेसावें. मग मैदा, कूट, मीठ, बेकिंग पावडर आणि वेलदोडा हीं एकत्र चाळून किंवा कालवून त्यांत मिसळावीं. येथें पोळीच्या कणकेची संवय आड येते. कणीक जितकी मळावी तितकी चिवट होते, कारण पाण्यानें गव्हांतील चिकट अंश जागा होतो. नानकटाईंत पाणी नाहीं. तूप पिठाच्या कणाकणाला वेढून त्या चिकटपणाला अडवितें आणि त्यालाच आपण खुसखुशीतपणा म्हणतों. म्हणून पीठ मळूं नये, नुसतें गोळा होईल इतकें जुळवावें. फारच भुरभुरीत वाटलें, तर चमचाभर दूध पुरे.

याच ठिकाणीं वऱ्हाडच्या हवेचा संबंध येतो. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जाणें नवलाचें नाहीं. त्या दिवसांत तूप फडताळांतल्या फडताळांत वितळलेलें असतें. अशा तुपाची नानकटाई तबकांत पसरून चपटी होते आणि दोष हाताला लागतो. त्या ऋतूंत करावयाचीच असेल, तर तूप आणि वळलेले गोळे दोन्ही अर्धा तास शीतपेटींत ठेवावे. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मात्र वऱ्हाडची हवा या कामाला अगदीं अनुकूल. रात्री गार, तूप आपोआप थिजलेलें आणि हवा कोरडी. या कोरडेपणाचा खरा लाभ पुढें पाकाच्या वेळीं कळून येतो.

सुपारीपेक्षां थोडे मोठे, सारखे गोळे वळून किंचित दाबावे आणि दोन बोटांचें अंतर राखून मांडावे. विजेची भट्टी असल्यास ती आधीं १६० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापवून घ्यावी आणि अठरा ते बावीस मिनिटें भाजावें. ती नसल्यास जाड बुडाचें पातेलें किंवा लोखंडी कढई घ्यावी. तळाशीं बोटभर जाडीची धुतलेली कोरडी वाळू किंवा जाडें मीठ पसरून त्यावर तिवई ठेवावी. घट्ट झांकण घालून पंधरा मिनिटें तापवावें, मग तबक आंत ठेवावें आणि मंद आंचेवर वीस ते पंचवीस मिनिटें भाजावें. वाळू ही येथें रोडग्याच्या राखेचेंच काम करते, धग धरून ठेवते आणि सावकाश सोडते. प्रत्येक चुलीचा स्वभाव निराळा असल्यामुळें आधीं एकच नानकटाई भाजून पाहावी. ती पसरली, तर तूप अधिक किंवा फार ऊन आहे. वरून लाल होऊन आंत कच्ची राहिली, तर आंच तीव्र आहे. कडा किंचित बदामी आणि माथ्यावर भेगा, ही तयार झाल्याची खूण. बाहेर काढतांना ती मऊ लागते, म्हणून घाबरून पुन्हां आंत ठेवूं नये. निवतांना ती कडक होते.

यानंतर पाक. पाकविण्याची कला ज्या घरीं संक्रांतीचा काटेरी हलवा होतो, त्या घराला शिकवावी लागत नाहीं. तिळावर पाकाचा थेंब सोडावा, बोटांनीं फिरवावा, तो वाळूं द्यावा, मग पुढचा सोडावा. हलव्याचा सारा काटा या धीरांतून उभा राहतो. नानकटाईवर एकच थर द्यावयाचा असतो, पण धीर तोच लागतो. दीडशें ग्रॅम साखरेंत पाऊण वाटीहून कमी, म्हणजे सुमारे ७५ मिलिलिटर पाणी घालावें. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावें, उकळी आल्यावर मात्र ढवळूं नये. चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढावी आणि लिंबाचे दोन-तीन थेंब टाकावे. लिंबानें साखरेचा थोडा अंश फुटून पाक रवाळ होण्याचें टळतें. पण थेंबांचा चमचा झाला, तर मुलामा वाळतच नाहीं, चिकट राहतो. अंगठा आणि तर्जनी यांमध्यें दोन तारा धरल्या, कीं भांडें खालीं उतरावें. उष्णतामापकावर हा बिंदु ११० अंशांच्या आसपास येतो. तार पाहतांना पाकाचा थेंब आधीं गार बशींत घ्यावा, थेट भांड्यांत बोट घालूं नये. पाकानें भाजलेली जखम पाण्याच्या भाजण्याहून वाईट असते, म्हणून त्या वेळीं मुलांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावें.

उतरविलेला पाक लांकडी चमच्यानें ढवळीत राहावें. कडेला तो दुधाळ दिसूं लागला, कीं चमच्याच्या पाठीनें प्रत्येक नानकटाईच्या माथ्यावर पातळ थर द्यावा आणि तो ओला असतांनाच चार-पांच चारोळ्या लावाव्या. पाक मध्येंच घट्ट झाला, तर चमचाभर ऊन पाणी घालून किंचित गरम करावा. नानकटाया मात्र या वेळीं पुरत्या निवलेल्या असाव्या. पुष्कळांचा घात येथेंच होतो. समजा, अंबापेठेंतील एखाद्या घरीं संध्याकाळीं पाहुणे यावयाचे आहेत आणि तबक नुकतेंच बाहेर आलें आहे. घाईनें ऊन नानकटाईवर पाक घातला, तर आंतील वाफ मुलाम्याखालीं कोंडते. वर साखर पाझरते, खालीं बिस्किट मऊ पडतें आणि चार तासांची मेहनत अर्ध्या तासाच्या उतावळेपणानें वाया जाते. वाळण्यासही दोन-तीन तास द्यावे. कार्तिकांतील कोरड्या हवेंत हा थर खडीसारखा पांढरा आणि टणक होतो. हाच पाक आषाढांत केला, तर हवेंतील ओल शोषून त्याला पाणी सुटतें. म्हणून पावसाळ्यांत नुसती नानकटाई करावी, मुलाम्याचा हट्ट धरूं नये.

एवढा खटाटोप करण्यापेक्षां पुडकें आणलेलें काय वाईट, असें कोणी विचारील. पुडकें सर्वस्वीं वाईट असें नव्हे. पण वनस्पति तुपासारख्या घट्ट केलेल्या तेलांतून हृदयाला अपायकारक असे स्निग्ध अंश पोटांत जातात, हें सिद्ध झाल्यामुळेंच भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाला जानेवारी २०२२ पासून त्यांची मर्यादा शेंकडा दोनवर आणावी लागली. घरच्या परातींत कोणतें तूप पडलें, हें विचारावें लागत नाहीं. भट्टीवर आपल्या तबकाशेजारीं बसलेल्या मुलाची जी राखण होती, तीच येथें आपोआप होते. अर्थात् घरची झाली म्हणून ती पथ्याची होत नाहीं. तूप तें तूपच आणि साखर ती साखरच. एका वेळीं एक-दोन पुरे, आणि मधुमेह असलेल्यानें वैद्याच्या सल्ल्यावांचून तिच्याकडे वळूं नये. चार-पांच वर्षांखालील मुलांना अख्खा दाणा देऊं नये, तो घशांत अडकतो. त्यांच्यासाठीं वेगळ्या करून त्यांवर चारोळी लावूं नये.

शेवटची गोष्ट ताट पाठविण्याची. फराळ शेजारीं गेल्यावांचून वऱ्हाडांत दिवाळी होत नाहीं. पण ज्या घरीं ताट जातें, तेथें कोणाला काय बाधतें, हें पाठविणाऱ्याला नेहमींच ठाऊक असतें असें नाहीं. शेंगदाणा किंवा काजू यांची बाधा कांहीं जणांना इतकी तीव्र असते, कीं एका घासानें श्वास कोंडावा. काजू बाधत असेल, त्यानें त्याची भावंड असलेली गोडंबीही टाळावी, हेंच शहाणपणाचें. चकलींत काय आहे, तें जिभेला कळतें. मुलाम्याखालील कूट मात्र कळत नाहीं. म्हणून ताटावर रुमाल झांकण्यापूर्वीं त्यांत एक चिठी ठेवावी: ‘नानकटाईंत शेंगदाणा व गोडंबी आहे, वर चारोळी आहे.’ ताट घेऊन जाणाऱ्या मुलालाही तें पाठ करावयास लावावें.

उरलेल्या नानकटाया घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत, दोन थरांमध्यें कागद घालून ठेवाव्या. दहा-बारा दिवस त्या चांगल्या राहतात. त्यानंतर शेंगदाण्याच्या तेलाला खवटपणा येऊं लागतो. पण दिवाळीच्या दिवसांत मुलें घरीं असतां डबा इतके दिवस टिकल्याचें कोणत्या घरीं ऐकिवांत आहे? पुढील वर्षीं यादी करतांना नानकटाईपुढचा ‘विकत’ हा शब्द खोडतां आला, म्हणजे झालें.